खरीप मेळाव्यात माइक कमी, गोणपाट जास्त हवं

संपादक साहेब, नमस्कार.

मे महिना आला की आमच्या लातूर भागात खरीप मेळावे सुरू होतात. मागच्या वर्षी एकाला गेलो होतो. वेळ 11 ची, पाहुणे आले साडेबाराला, मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगतं, बियाण्याचा विषय निघाला तोवर अर्धी माणसं जेवणाच्या लाईनीत. बोलणाऱ्या साहेबांना माहिती होती हो, पण 'घरच्या सोयाबीनची उगवण क्षमता तपासा' हे वाक्य आता आम्हाला पाठ आहे, करतं कोण?

माझी भाची पुण्यात ट्रेनिंगचे कोर्स डिझाईन करते. ती म्हणाली, मामा, पाहुणा कोण ते नंतर बघा, आधी ठरवा की माणूस घरी जाऊन नेमकं काय करणार. तिने 2014 चा एक अभ्यास सांगितला, कॉलेजच्या विज्ञान-गणिताच्या वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र तपासलेले, नुसतं लेक्चर ऐकणारे सरासरी 34 टक्के नापास आणि वर्गात स्वतः काही करणारे 22 टक्के. आता ते कॉलेज आणि आमचा पार यात फरक आहेच, पण डुलकी दोन्हीकडे सारखीच लागते.

म्हणून यंदा आमच्या गटाने आधी आठ दिवस चहाच्या टपरीवर लोकांना विचारत फिरलो. कळलं असं की चाचणी ठाऊक सगळ्यांना, पण दाणे किती घ्यायचे, कुठे ठेवायचे इथेच गाडी अडते. मग मेळाव्याला प्रत्येकाला घरचं मूठभर बियाणं आणायला लावलं, भाषण एकच, तेही 10 मिनिटांचं. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत 100 दाणे मांडायचे, गुंडाळी करून घरी सावलीत ठेवायची. आठवडाभर आधी केलेली एक गुंडाळी तिथेच उघडली, म्हातारेसुद्धा वाकून कोंब मोजत होते. आठव्या दिवशी व्हॉट्सॲपवर आकडे मागवले. 100 पैकी 70 च्या खाली दाणे उगवले तर पेरताना बियाण्याचं प्रमाण वाढवावं लागतं, एकाचे तर 52 च निघाले, त्याने पेरणीआधीच दुसरं बियाणं आणलं.

खर्च म्हणाल तर गोणपाट आणि चहा. हार आणले नव्हते, त्यावरून दोघं रुसले ते अजून रुसलेलेच आहेत.

तुमच्या वार्ताहरांना एक विनंती, मेळाव्याची बातमी देताना व्यासपीठावरची नावं दोन कमी छापा आणि किती जणांनी दाणे मोजले ते विचारून छापा.

- एक सोयाबीन उत्पादक, लातूर जिल्हा