नऊ हजारांच्या पुढं

नॉर्थहॅम्प्टन, इंग्लंड,
नोव्हेंबरचा दुसरा रविवार

तीर्थरूप आबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "इंजिनाचे फेरे वाढवतोस म्हणजे नक्की काय करतोस? गव्हर्नर पिळतोस का?" तेवढ्यात आईनं फोन घेतला, मफलरचा विषय निघाला आणि उत्तर राहिलं. म्हणून लिहायला बसलोय. तसंही फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही.

गव्हर्नरच समजा, फेरे हद्दीत ठेवणारा. फक्त इथं फिरणारी वजनं नाहीत. कॉम्प्युटर फेरे मोजतो आणि ठरलेला आकडा आला की इंधन तोडतो. तो आकडा लॅपटॉपवर बदलायला दोन मिनिटं लागतात. घोळ तिथंच होतो, कारण दोन मिनिटांचं काम कुणीही करतो.

गेल्या महिन्यात एक होंडा एस२००० आली. १९९९ साली निघालेली, दोन सीटची, उघड्या टपाची गाडी. इंजिन १९९७ सीसीचं, टर्बो नाही, तरी जपानातल्या गाडीला २५० घोड्यांची ताकद, तेही मिनिटाला ८३०० फेऱ्यांना. डायलवरची लाल रेघ, म्हणजे फेऱ्यांची हद्द, ९००० वर. म्हणजे सेकंदाला १५० फेरे. आपल्या गुऱ्हाळावरचं लिस्टर जातीचं इंजिन ६५० वर चालायचं, म्हणजे सेकंदाला अकराही नाहीत.

तुम्ही फेरे नाही, पिस्टन बघता, म्हणून तोही हिशेब केला. होंडाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका वेळची धाव, ८४ मिमी. ९००० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटर. आपल्या त्या इंजिनाचा ३. पण खरं दुखणं वेगाचं नाही, वर पोचून उलटं फिरण्याचं. पॉवरच्या स्ट्रोकला वरून धडाक्याचा दाब असतो, त्यामुळं पिस्टन आपोआप खाली येतो. धूर बाहेर ढकलून पिस्टन वर पोचतो तेव्हा मात्र त्याला अडवायला वर काहीच नसतं. त्याला हेडमधून आरपार जायचं असतं आणि त्याला खालच्या क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे दोन बोल्ट त्याला मागं ओढतात. ही ओढ फेऱ्यांच्या वर्गानं वाढते. ९००० चे ९८०० केले तर फेरे नऊ टक्क्यांनी वाढतात, पण ओढ जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी.

हा ९८०० चा आकडा मी मनानं नाही घेतला. आमच्याकडं यायच्या आधी एका वर्कशॉपनं तो या गाडीत भरला होता, आत एक नटसुद्धा न बदलता. गाडी आली ती एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेल्यामुळं. हेड उघडलं. पिस्टनच्या डोक्यावर नखानं उमटवावी तशी चंद्रकोर, हवा आत घेणारे इनटेकचे दोन व्हॉल्व्ह केसभर वाकलेले, आणि स्प्रिंगच्या वरच्या टोपीला बारीक तडा. फेरे इतके झाले की स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेत मिटवू शकत नाही. व्हॉल्व्ह तरंगतो आणि पिस्टन येऊन टोला देतो. रॉडचे बोल्ट टिकले, हे त्या माणसाचं नशीब.

कडक स्प्रिंग टाकली की झालं, असं मलाही इथं आल्यावर वाटायचं. पण कडक स्प्रिंग व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमला घासते, रॉकरवर बसते, टायमिंग चेनला ओढते. एक जागा सांभाळली की दुसरी कुरकुरते. याच गावातल्या कॉसवर्थ या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीनं २००६ साली फॉर्म्युला वनचं व्ही८ २०,००० फेऱ्यांवर पळवलं, पण तिथं व्हॉल्व्ह मिटवायला स्प्रिंगच नव्हत्या, दाबलेली हवा होती. त्यांचंच, गाड्यांचे डिझायनर गॉर्डन मरे यांच्या टी.५० गाडीतलं व्ही१२ १२,१०० पर्यंत जातं. त्याचा स्ट्रोक जेमतेम ६४ मिमी, त्यामुळं पिस्टनचा वेग या होंडाच्याच आसपास निघतो! आणि होंडानं काय केलं बघा. २००४ मध्ये अमेरिकेसाठी स्ट्रोक ९०.७ केला आणि लाल रेघ मुकाट्यानं ८००० वर आणली.

मग वाढवायचं कशाला? ताकद तर ८३०० नंतर उतरतेच. एकच कारण मला पटतं. ट्रॅकवर वळण अगदी तोंडावर असताना फेरे संपले तर वरचा गिअर टाकून लगेच परत खाली यावं लागतं. दोन-तीनशे फेरे हातात असले की तेवढे दोन गिअर वाचतात. बाकी सगळी डायलची हौस.

मालकाला ९८०० च हवे होते. म्हणाला, आता चांगले पार्ट टाका. टाकले. नवे व्हॉल्व्ह, कडक स्प्रिंग, हलक्या टोप्या, चेनचा टेन्शनर. रॉडचे बोल्ट नुसते टॉर्कवर न आवळता किती ताणले ते मायक्रोमीटरनं मोजून बसवले. ते करताना तुमची आठवण आली, कारण मायक्रोमीटर उन्हात ठेवला म्हणून तुम्ही मला एकदा जेवू दिलं नव्हतं. तरीही त्याला सांगितलं, पाचव्याऐवजी तिसरा गिअर पडला तर यातलं काही वाचवणार नाही. इंधन तोडून काय होणार, चाकंच इंजिनाला फिरवतात. करूळ घाटाच्या उतारावर ट्रकला खालचा गिअर पडला तर गव्हर्नर काय करणार, तसंच. त्याला करूळ माहीत नाही, पण मुद्दा कळला.

गुऱ्हाळवाले रात्रीच्या आत ऊस संपवायला गव्हर्नर पिळून मागायचे. तुम्ही त्यांच्यादेखत पिळायचात आणि ते गुळव्याशी बोलायला वळले की स्क्रू अर्धा आटा परत सोडायचात. मला ती सोय नाही. इथं आकडा स्क्रीनवर दिसतो. म्हणून दोन दिवस भांडून ९२०० वर आणला. मालकानं बिल दिलं, पण जाताना हात मिळवला नाही.

मफलर पोचला, आईला सांगा. गूळ पाठवू नका, इथं मिळतो, रंग तेवढा चांगला नसतो. हिशेबाचा कागद सोबत ठेवलाय. चूक निघाली तर फोन करा, आणि या वेळी आईच्या हातात लगेच देऊ नका.

तुमचा,
धाकटा