काका, तुमच्या पारूबायला उत्तर माहीत नव्हतं ते किती बरं झालं

काका, नमस्कार. फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, लगेच "पोरं बरी आहेत ना" करून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, लालबागच्या आमच्या चाळीत मंडळाच्या खोलीत मी रविवारी पाचवी ते सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो ना, रामन यांच्या १९२८ च्या शोधाचा दिवस, त्याच्या आधीच्या रविवारी काहीतरी वेगळं करायचं होतं. म्हणून बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या काकांना बोलवायचं ठरवलं. काका मूळचे पिंगुळीचे, म्हणजे कुडाळजवळचं ते गाव जिथल्या ठाकर मंडळींनी कळसूत्री बाहुल्या जपल्यात आणि जिथल्या परशुराम गंगावणेंना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, आता राहतात भांडुपला.

मी आपलं स्क्रिप्ट लिहून नेलं होतं, बाहुली येणार आणि निरीक्षण, अंदाज, प्रयोग, निष्कर्ष अशा पायऱ्या घडाघडा बोलणार. तुम्ही ते वाचून म्हणालात, "हे तुम्हीच सांगा की बाई, त्यासाठी बाहुली कशाला नाचवायची?" लागलं मला तेव्हा, खोटं कशाला बोलू. मग तुम्ही छोटी पारूबाय एका दोरीवर लटकवलीत, हलकेच झुलवलीत आणि म्हणालात, हिला काहीच येत नाही असं धरून चालू.

आणि रविवारी पारूबाय मुलांनाच विचारते, "मी जाडी झालंय तर माझो झोको हळू जातलो काय?" सगळी पोरं ओरडली, हो! माझ्या वर्गात एवढ्या जोरात कोणी अंदाज सांगत नाही कारण चुकलं तर काय ही भीती, पण बाहुलीला काय घाबरायचं. मग मोबाइलवर वेळ लावून मोजणी. खुंटीपासून तिच्या पोटापर्यंत २५ सेंटिमीटर, दहा झोके, दहा सेकंद. मग पोटात नटबोल्ट कोंबून परत मोजलं तर साडेअकरा! पोरं नाचायलाच लागली, बघा, जड म्हणून हळू.

माझ्या पोटात गोळा आला काका. लोलकाला, म्हणजे अशा दोरीवर झुलणाऱ्या वस्तूला, वजनाशी काही देणंघेणं नसतं, दोरीच्या लांबीशी असतं हे मला माहीत होतं, मी उठून सांगणारच होते, तर तुम्ही पडद्यामागून हातानेच बसा म्हणालात. पारूबाय गप्प. चांगली अर्धा मिनिट गप्प, आणि तेवढ्यात वर्गात कधीच तोंड न उघडणारी एक सहावीतली मुलगी उभी राहून म्हणाली, "ए पारू, तुझी दोरी लांब झालीय!" खरंच, नट भरायला सोडली होती ती परत बांधताना गाठ चार बोटं खाली गेलेली. "मगे परत करून बघूया," एवढंच पारू बोलली. दोरी सारखी केली आणि आले बरोबर दहा सेकंद.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी फळ्यावर कितीदा लिहिलंय देव जाणे. त्यानंतर मुलांनी स्वतःच दोरी १ मीटर करायला सांगितली, चौपट दोरी म्हणजे ४० सेकंद असं पैजेवर सांगितलं आणि आले २०, मग तर खोलीत नुसता कल्ला. असं का, ते मी त्या दिवशी सांगितलं नाही, तुमच्याकडून शिकले. अजून भांडतायत, परवा बागेतल्या झोपाळ्यावर एक जण बसवून आणि मग दोघं बसवून मोजत होते, वॉचमन ओरडला.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, कटिंग चहावर बोळवण झाली, आणि ती बाहुल्यांची जड ट्रंक घेऊन लोकलच्या मालडब्यातून एकटे गेलात याचं मला अजून वाईट वाटतं. पुढच्या रविवारी या, पारूबायचे दोन नट माझ्या डब्यात राहिलेत. सातवीची पोरं करी रोडला मालडब्यासमोर उभी असतील, ट्रंक त्यांच्याकडे द्या, स्वतः उचलून पूल चढू नका.