आधी पाण्याचा हिशोब, मग इंधनाचं पीक: जैवइंधन धोरण ठरवणाऱ्या मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

जैवइंधनाचं कुठलंही धोरण उघडलं की एक गोष्ट हमखास लिहिलेली असते, की पडीक आणि कोरड्या जमिनीवर इंधनाची पिकं घेऊ. ऐकायला खूप छान वाटतं, अन्नधान्याच्या जमिनीला धक्का नाही, ओसाड जमीन कामाला आली, लोकांना रोजगार मिळाला आणि तेलाची आयातही कमी झाली. पण साहेब, या सगळ्यात पाणी कुठून येणार ते कुणीच लिहीत नाही, आणि माझं सगळं म्हणणं त्या एका गोष्टीबद्दलच आहे.

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो म्हणून थोडं पानापासून सुरू करतो, कंटाळा करू नका. पानाच्या खालच्या बाजूला बारीक रंध्रं असतात, डोळ्याला दिसत नाहीत पण मायक्रोस्कोपखाली ओठांच्या जोडीसारखी दिसतात. झाडाला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा असेल तर ही रंध्रं उघडावीच लागतात आणि उघडली की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर जातं. हे टाळता येत नाही. आता किती पाणी जाईल ते बाहेरची हवा ठरवते. २८ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेली दमट हवा घ्या, आणि दुसरीकडे ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असलेली कोरडी हवा घ्या, गणित केलं तर दुसऱ्या हवेची पाणी ओढून घ्यायची ताकद जवळपास आठ पट येते. म्हणजे तेवढंच तेल (ज्याचं बायोडिझेल होतं) किंवा तेवढीच साखर (जिचं इथेनॉल होतं) बनवायला कोरड्या भागातलं झाड कितीतरी जास्त पाणी घालवतं, आणि पाणी नसेल तर ते रंध्रं मिटून बसतं. रंध्रं मिटली की झाड जगतं पण वाढत नाही, फळं धरत नाही. जगणं आणि उत्पन्न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि धोरणं नेमकी इथेच फसतात.

जट्रोफाचं काय झालं ते तर तुम्हाला माहीतच आहे. मोगली एरंड, कुंपणाला लावतात ते. जनावरं खात नाहीत, पाऊस नाही पडला तरी मरत नाही, बियांत भरपूर तेल. भारतात २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने याच झाडावर भर देऊन मोठी योजना सुचवली, २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत पेट्रोल-डिझेलमध्ये २० टक्के जैवइंधन मिसळायचं लक्ष्य ठेवलं, आणि २०१८ च्या धोरणात बायोडिझेलचं लक्ष्य २०३० पर्यंत ५ टक्क्यांवर आलं. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांतही त्याच काळात हेच झाड लावलं गेलं आणि आपल्याप्रमाणे तिथेही बऱ्याच लागवडी मधेच सोडून दिल्या गेल्या. कारण काय, तर ३०० मिलिमीटर पावसात हे झाड जगतं हे खरं आहे, पण नीट फुलायला-फळायला किमान ६०० च्या आसपास पाऊस लागतो आणि चांगलं उत्पन्न हवं असेल तर १००० च्या पुढे. जाहिरातीत पहिला आकडा सांगितला गेला आणि उत्पन्न मात्र शेवटच्या आकड्याचं धरलं गेलं. एवढी साधी गफलत, पण हजारो शेतकऱ्यांची वर्षं त्यात गेली.

आणि काढणीचं तर कुणी बोलतच नाही. जट्रोफाच्या एकाच घोसात एक फळ हिरवं, एक पिवळं आणि एक काळं पडून सुकलेलं असतं, म्हणजे एका फेरीत काढणी होत नाही, पुन्हा पुन्हा त्याच झाडाकडे जाऊन हाताने वेचावं लागतं. मजुरी वाढते. तेल काढून उरलेली पेंड विषारी, फोरबॉल एस्टर असतात त्यात, प्रक्रिया केल्याशिवाय जनावरांपुढे टाकता येत नाही. म्हणजे ज्या कोरड्या भागात चाऱ्याची सगळ्यात जास्त गरज तिथे चारा न देणारं पीक. पडीक म्हणून जी जमीन नकाशावर दाखवतात तिच्यावर बहुतेक वेळा शेळ्या-मेंढ्या चरत असतात, लोक सरपण आणत असतात, त्या लोकांना विचारतं कोण?

नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये एक हिशोब मांडला होता, जैवइंधनाच्या एका लिटरमागे किती पाणी जातं त्याचा. शुगरबीटपासून एक लिटर इथेनॉलला साधारण १४०० लिटर पाणी, ऊस आणि मक्याला अडीच हजाराच्या आसपास, सोयाबीनच्या बायोडिझेलला १४ हजार आणि जट्रोफाच्या बायोडिझेलला २० हजार लिटर. जट्रोफाच्या आकड्यावर नंतर दुसऱ्या शास्त्रज्ञांनी हरकत घेतली आणि ती बरोबरही असू शकते, पण निम्मा आकडा धरला तरी पाणी न लागणारं झाड म्हणून त्याची जी ओळख करून दिली ती काही टिकत नाही.

मग तुम्ही म्हणाल की ठीक आहे, जिथे पाऊस भरपूर तिथेच लावू. पण दमट प्रदेशाचीही स्वतःची दुखणी आहेत आणि ती मला जास्त काळजीची वाटतात, कारण तिथलं नुकसान भरून निघत नाही.

ऑइल पाम म्हणजे पामतेलाच्या झाडाचंच बघा. हेक्टरी तीन-चार टन तेल, दुसरं कुठलंही मोठं तेलपीक याच्या जवळपास येत नाही. वर्षाला २००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस हवा, तोही वर्षभर वाटून. मधे दोन-तीन महिने कोरडे गेले तर झाड मरत नाही पण नर फुलं जास्त काढायला लागतं आणि मादी फुलं कमी होतात, त्याचा फटका दीड-दोन वर्षांनी उत्पन्नात दिसतो, तोपर्यंत दुष्काळ विसरलेला असतो आणि दोष भलत्याच कशाला तरी दिला जातो. फळं तोडली की २४ तासांच्या आत गिरणीत जायला हवीत नाहीतर तेल खराब होतं. पण खरी अडचण ही की जिथे एवढा पाऊस पडतो तिथे आधीच जंगल असतं. २००८ मध्ये सायन्स या नियतकालिकात फार्जिओन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, त्यांनी असं मोजलं की पीट म्हणजे दलदलीतल्या काळ्या सेंद्रिय जमिनीवरचं जंगल तोडून, ती जमीन सुकवून पाम लावला, तर त्यातून जो कार्बन हवेत जातो तो त्या पामच्या बायोडिझेलने खनिज डिझेल वाचवून फेडायला ४२३ वर्षं लागतील. साध्या सखल जंगलाच्या जागी लावला तर ८६ वर्षं. ब्राझीलच्या सेराडो गवताळ प्रदेशात उसाचं इथेनॉल केलं तर १७ वर्षं. म्हणजे तेच हिरवं इंधन, पण कुठली जमीन मोडून केलं त्यावर त्याची किंमत कुठल्या कुठे जाते.

ब्राझीलचं नाव सगळेच घेतात म्हणून त्याबद्दलही सांगतो. १९७५ मध्ये त्यांनी उसाच्या इथेनॉलचा प्रोअल्कोल कार्यक्रम सुरू केला आणि तो टिकला, हेक्टरी सहा-सात हजार लिटर इथेनॉल निघतं, चिपाड जाळून कारखाना चालतो आणि वर वीज विकतात. पण साओ पावलोच्या भागात हे जमतं कारण तिथे उन्हाळ्यात चांगला पाऊस पडतो, ऊस बहुतांशी पावसावरच वाढतो, आणि मग हिवाळा कोरडा आणि थंड असतो. त्या कोरड्या महिन्यांत उसाची वाढ थांबते आणि साखर कांड्यात साठते. बारमाही पावसाच्या प्रदेशात ऊस नुसता वाढत राहतो, साखर कमी, आणि चिखलात गाड्या जात नाहीत म्हणून तोडणीची बोंब. कोरड्या प्रदेशात साखर भरते छान पण ऊस वाढवायला बाहेरून पाणी आणावं लागतं. म्हणजे दमट की कोरडं एवढंच विचारून भागत नाही, पाऊस कुठल्या महिन्यात पडतो तेही बघावं लागतं. ब्राझीलचं धोरण उचलून आणता येईल, त्यांचं हवामान नाही आणता येत.

अमेरिकेत मक्याच्या इथेनॉलचं असंच आहे. आयोवा-इलिनॉयमध्ये मका बहुतेक पावसावर येतो. पण पश्चिमेकडे कॅन्ससच्या कोरड्या पट्ट्यात गेलात की तोच मका ओगालाला भूजलसाठ्यातून पाणी उपसून वाढवतात, आणि त्या भागात पाण्याची पातळी वर्षानुवर्षं खाली चालली आहे. गाडीत इंधन एकच भरलं जातं पण एका लिटरमागे ढगातलं पाणी आहे आणि दुसऱ्यामागे पुन्हा जवळपास न भरणारं जमिनीतलं. दोन्ही लिटरला सारखंच अनुदान का?

कोरड्या प्रदेशात काहीच करू नका असं मी म्हणत नाहीये. तिथे ऊन भरपूर आहे, बुरशी कमी लागते, कापलेला माल उघड्यावर वाळतो (दमट भागात तोच माल ढिगात कुजतो, हे साठवणुकीचं गणित कुणी धरतच नाही). फक्त तिथल्या हवेला साजेशी झाडं हवीत. घायपात आणि निवडुंग रात्री रंध्रं उघडतात, हवा गार असताना, आणि दिवसा मिटून घेतात, त्यामुळे आत घेतलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या एका ग्रॅममागे पाण्याचे ५० ते १०० ग्रॅम जातात, गहू-सोयाबीनसारख्या पिकांचे तेच ४०० ते ५०० जातात. पण घायपाताला तयार व्हायला पाच-सहा वर्षं लागतात, तेवढे दिवस शेतकऱ्याने काय खायचं त्याची सोय धोरणात पाहिजे. गोड ज्वारी चार महिन्यांत येते, उसापेक्षा बरंच कमी पाणी, वर कणीसही मिळतं. तिची अडचण म्हणजे ताट कापलं की रसातली साखर लगेच उतरायला लागते, एक-दोन दिवसांत गाळप झालं नाही तर पैसे पाण्यात, म्हणजे छोटे गाळप युनिट शेताजवळच हवेत, शंभर किलोमीटरवरचा मोठा कारखाना उपयोगाचा नाही. आणि समुद्राकाठच्या वाळवंटात सॅलिकॉर्निया नावाचं झुडूप खाऱ्या पाण्यावर वाढतं, जानेवारी २०१९ मध्ये अबुधाबीहून ॲमस्टरडॅमला एक प्रवासी विमान त्याच्या तेलापासून केलेलं इंधन मिसळून गेलं होतं. अजून छोट्या प्रमाणावर आहे पण दिशा बरोबर आहे, कारण गोड्या पाण्याला हात लागत नाही.

आणि एक कडू वाटेल असं बोलतो. पीक उन्हातली साधारण एक टक्का ऊर्जा धरून ठेवतं, सोलर पॅनल वीस टक्क्यांच्या आसपास, आणि पॅनलला पाणी लागतं ते फक्त धुवायला. जी कोरडी जमीन कुणाच्या चराईची नाही तिथे गाड्यांसाठी ऊर्जा हवी असेल तर वीजच करा, द्रवरूप इंधन विमानांसाठी आणि जहाजांसाठी ठेवा जिथे बॅटरी पुरत नाही. जैवइंधन खात्याच्या मंत्र्यांना हे सांगणं अवघड आहे, पण न सांगणं त्याहून चुकीचं आहे.

तर माझी मागणी अशी आहे. अनुदान नुसतं लिटरवर देऊ नका, त्या लिटरमागे पावसाचं पाणी किती आणि उपशाचं किती ते मोजून द्या. बहुवर्षीय पीक असेल तर त्याच हवामानात पूर्ण चक्र होईपर्यंत, म्हणजे पाच-सात वर्षं, छोट्या क्षेत्रावर घेऊन बघा, त्यात एखादं दुष्काळी वर्ष येऊ द्या, आणि उत्पन्नाचा आकडा कितीही वाईट आला तरी तो जाहीर करा. पीट जमीन आणि उभं जंगल याला सरसकट बंदी, त्यात अपवाद नको. खरेदीची हमी रोप देण्याच्या आधी, नंतर नाही. आणि पडीक जमीन ठरवताना तिथे कोण जनावरं चारतं त्यांना बसवून विचारा, उपग्रहाच्या फोटोत शेळ्या दिसत नाहीत.

पुढच्या लागवडीची रोपं वाटायच्या आधी एवढं एक करा, प्रत्येक क्षेत्रासाठी वर्षाचा नाही तर महिन्यामहिन्याचा पाऊस, पिकाला त्या त्या महिन्यात लागणारं पाणी, आणि दोन्हीतला फरक कुठून भरणार ते एका पानावर लिहून लोकांपुढे ठेवा. जिथे त्या शेवटच्या रकान्यात बोअरवेल असं लिहावं लागेल तिथली लागवड थांबवा.

आपला नम्र,
वनस्पतिशास्त्राचा एक शिक्षक