कारल्यांचा लिलाव

नेरूळ

प्रिय बाळा,
सलाम आणि खूप आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "उन्हाळ्यात आजी गेली, पावसाळ्यात बाबा. आता देवाची कसली उपकारस्तुती करायची, आई?" तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून विषय बदलला. आता लिहिते.

तुझा राग मला खटकला नाही. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांत कितीतरी गाऱ्हाणीच आहेत. १३ वं काढून बघ. "परमेश्वरा, कोठवर?" असं सुरू होतं, पण सहा वचनांत ते रचणारा दावीद राजा गायला लागतो. ८८ वं तसं वळत नाही. अंधारातच संपतं. तरी ते शास्त्रातून कुणी काढलं नाही. आणि गाऱ्हाणं घातलंय कुणाला? देवालाच, तेही तारणारा म्हणून. पावसाळाभर मी तेच वाचत होते. "प्रभूची इच्छा" म्हणणारी माणसं चांगल्या मनानेच म्हणत, पण मला ते ऐकवत नसे.

चर्चमधल्या हंगामाच्या सणाला मी जाणारच नव्हते. पण बाबांनी रंगाच्या डब्यात लावलेल्या वेलाला कारली धरली होती. मी कारलं खात नाही, तुला ठाऊकच आहे. टाकवेनात, म्हणून पिशवीत घालून निघाले. लोकलमध्ये जुईनगरला उगीचच उठले. बाबा तिथेच दारात जाऊन उभे राहायचे ना, उतरायचं वाशीला आणि मध्ये सानपाडा असलं तरी!

उपासनेनंतर सगळ्यांनी आणलेल्या वस्तूंचा लिलाव. केक, गावठी अंडी, कुणाच्या शेतातला तांदूळ. कारली निघाली तशी पुकारणाऱ्याने बाबांचं नाव घेतलं. पन्नासपासून सुरुवात. बाबांच्या गायनमंडळातले दोघे हट्टाला पेटले आणि आठशेला सुटली! घेणाऱ्याने ती लगेच परत लिलावाला दिली. दुसऱ्यांदा ज्याने घेतली त्याला डायबेटिस आहे. त्याची बायको म्हणाली, "बरं झालं, आता पैसे मोजलेत म्हणजे खातील तरी." मी इतकी हसले की पाळकसाहेब वळून बघायला लागले.

त्या रात्री प्रार्थनेत आभार आपसूक आले. मरणाबद्दल नाही, ते मला जमत नाही, आणि देव ते मागतो असंही मला वाटत नाही. हॉस्पिटलात रोज डबा पोचवणाऱ्या महिला मंडळाच्या बायकांबद्दल आले. दफनाच्या दिवशी भर पावसात ताडपत्री धरून उभ्या राहिलेल्या आपल्या सोसायटीतल्या पोरांबद्दल आले. आणि बाबा आपल्या वाट्याला आले होते, याबद्दल. प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला पत्रात लिहिलं की आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका. शोकच करू नका, असं नाही लिहिलं. बाबा पुन्हा भेटतील यावर माझा विश्वास आहे. तरी संध्याकाळी एकाच कपाचा चहा ठेवताना रडू येतंच.

नाताळला रजा मिळते का बघ. करंज्या एकटीने होणार नाहीत. चर्चला आलास तर बरं, नाही आलास तर घरी बस. फक्त १३ वं नको, आधी ८८ वं वाच.

तुझी,
आई