न्यूट्रिनोच्या लेखात डोळेच राहून गेले

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला न्यूट्रिनोवरचा, म्हणजे सहसा कशालाही न धडकता आरपार जाणाऱ्या सूक्ष्म कणांवरचा लेख आवडला, नववीच्या वर्गात वाचून पण दाखवला. पण जपानच्या सुपर-कामिओकांडे या न्यूट्रिनो टिपणाऱ्या प्रयोगात 'टाकीत न्यूट्रिनो पकडतात' एवढं सांगून लेख पुढे सरकला ते खटकलं. डोंगराखाली एक किलोमीटरवर 50 हजार टन पाणी आहे खरं, पण पाणी काय पकडणार, बघतात ते भिंतीवरचे डोळे, म्हणजे उजेड टिपणाऱ्या ट्यूब, आणि त्यांच्यावर एक ओळ नाही.

मुलांना मी हर्णै बंदरात नेलं. बोट आत येताना मागे पाण्यावर दोन्हीकडे फाकत जाणारी लाट दिसते ना, बोट आपणच उठवलेल्या लाटांना मागे टाकते म्हणून ती तशी दिसते. पाण्यात प्रकाशाचा वेग पाऊणपटच उरतो, त्यामुळे क्वचित एखादा न्यूट्रिनो धडकला की त्यातून सुटलेला इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन (इलेक्ट्रॉनचाच जड भाऊ) तिथल्या प्रकाशाच्याही पुढे धावतो आणि त्याच्यामागे तशीच लाट उठते, फक्त निळसर उजेडाची. भिंतीवर तिचं कडं उमटतं, म्यूऑनचं रेखीव आणि इलेक्ट्रॉनचं विस्कटलेलं, त्यावरून कुठल्या जातीचा न्यूट्रिनो आला ते कळतं!

हा उजेड म्हणजे नुसते मोजके कण. ते टिपायला 11 हजारांवर फोटोमल्टिप्लायर ट्यूब आहेत, प्रत्येकीचं तोंड 50 सेंटीमीटर, मोठ्या परातीएवढं. प्रकाशाचा एक कण काचेमागच्या लेपावर पडून एक इलेक्ट्रॉन सुटला की तो आतल्या पट्ट्यांवर आपटत आपटत त्याचे साधारण एक कोटी होतात, तेव्हा कुठे मोजता येईल असा सिग्नल मिळतो.

आणि या ट्यूब आतून निर्वात. 12 नोव्हेंबर 2001 ला दुरुस्तीनंतर टाकी परत भरताना तळाची एक फुटली, तिच्या दणक्याने शेजारची, तिच्याने पुढची, असं करत काही सेकंदांत साडेसहा हजारांवर ट्यूबचा चुरा झाला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोटात तुटलं. पण उरलेल्या ट्यूब विरळ लावून, प्रत्येकीला कवच घालून त्या लोकांनी पुढच्याच वर्षी काम चालू केलं. न्यूट्रिनोला वस्तुमान असतं हे 1998 मध्ये याच टाकीतून कळलं, या प्रयोगातले शास्त्रज्ञ ताकाआकी काजिता यांना त्यासाठी 2015 चं नोबेल मिळालं.

आपल्याकडचंही लिहा ना. 1965 मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरच्याही खाली, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर वातावरणातले न्यूट्रिनो टिपले, तिथेही कण गेला की चमकणारं प्लास्टिक होतं आणि ती चमक बघायला अशाच ट्यूब. आमच्या मुलांना हे माहीतच नाही.

एक विनंती. सुपर-कामिओकांडेची टाकी भरत असतानाचा एक फोटो आहे, पाण्यावर रबरी होडी, तीत बसून भिंतीवरच्या सोनेरी ट्यूब तपासणारी माणसं. तो रंगीत आणि पानभर छापा, वर्गात लावायचाय.

विज्ञान शिक्षक,
हर्णै, ता. दापोली