सुपर मेट्रॉइड कामून सुटत नाही

परभणी

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "एवढे भारी भारी गेम निघाले, आन् तू कामून अजून त्या १९९४ च्या सुपर मेट्रॉइड व्हिडिओ गेमला चिकटून बसलायस?" तेवढ्यात तुझी गाडी आली आणि उत्तर राहून गेलं. तसंही ते फोनवर सांगून झालं नसतं, म्हणून सविस्तर लिहितो.

तुला वाटतं, मला लहानपण आठवतं म्हणून मी खेळतो. तसं नाही रे. आपल्याकडे तेव्हा टीव्हीला जोडायची ती कॅसेटवाली मशीन होती, मारिओ आणि कॉन्ट्रावाली. सुपर मेट्रॉइड मला फार पुढं कॉम्प्युटरवर भेटला, तेव्हा तो जुनाच झालेला होता. माझी एकही बालपणीची आठवण त्याला चिकटलेली नाही. तरी त्यानं धरलं ते धरलंच.

सॅमस अ‍ॅरन ही बक्षिसासाठी गुन्हेगार धरणारी शिकारी; गेममध्ये आपण तीच असतो. ती झेबेस नावाच्या ग्रहावर एकटी उतरते. पाऊस पडतोय, अंगावर कुणी येत नाही. खाली खाली जात राहिलं की १९८६ च्या पहिल्या मेट्रॉइडमधल्या जागा लागतात. आता ओस आणि अंधाऱ्या. पहिल्या गेममध्ये जिथं होता तिथंच मॉर्फ बॉल ठेवलेला असतो. तो घेतला की सॅमस अंगाचा गोळा करून चिंचोळ्या फटीतून सरपटू शकते. मग परत वर निघावं, तर मघाच्या रिकाम्या खोल्यांत शत्रू उभे! ग्रहाला तुझी चाहूल लागलेली असते. हे सगळं कुणी बोलून सांगत नाही. सुरुवातीचं निवेदन आणि सापडलेल्या वस्तूंच्या पाट्या सोडल्या तर हा गेम जवळजवळ मुका आहे, आणि माझा जीव त्या मुकेपणातच अडकलाय.

ब्रिन्स्टार नावाच्या भागात एक उभा, खोल खड्डा आहे. तू त्यात उतरतोस आणि वर यायला ना शिडी ना फळी. तिथं तीन छोटे प्राणी असतात. ते या भिंतीवरून त्या भिंतीवर उड्या मारत वर चढतात, पुन्हा खाली येतात, पुन्हा चढतात. बराच वेळ आपण नुसते बघत राहतो. मग लक्षात येतं, हे शिकवतायत आपल्याला! भिंतीकडे कोलांटउडी घ्यायची, टेकताक्षणी उलट्या दिशेचं बटण दाबायचं आणि लगेच उडीचं. बोटांना ते साधलं की जो आनंद होतो, तो मला आजच्या कुठल्याच गेमनं दिलेला नाही. आज पडद्यावर बाण येतो, चौकट येते, 'हे बटण दाबा' म्हणून सांगतात. मला ते उष्टं वाटतं.

आणि यातली खरी गोम पुढं आहे. ही उडी सॅमसला पहिल्या क्षणापासून येत होती. तिच्यासाठी कुठलीच वस्तू मिळवावी लागत नाही. येत नव्हती ती तुला. ग्रॅपलिंग बीम, पॉवर बॉम्ब ही साधनं कॅसेटमध्ये साठतात. गेम नव्यानं सुरू केला की ती गेली. पण जे हाताला आणि डोक्याला कळलं, ते कुणी काढून घेत नाही. म्हणून दुसऱ्या खेपेला झेबेस तोच असून तोच राहत नाही. मारिडिया नावाच्या भागात पाण्यातून जाणारा काचेचा बोगदा घे. पहिल्यांदा त्यातून आपण सरळ चालत निघून जातो. तो पॉवर बॉम्बनं फुटतो आणि अख्खा पाण्याखालचा मुलूख उघडतो, हे एकदा कळल्यावर पुढच्या खेपेला तिथं पाय आपोआप थबकतात. (मारिडियातली ती रुतवणारी वाळू मात्र मला अजून आवडत नाही. तिथं गेम नाहक छळतो.)

आपण शाळेच्या सहलीत पाहिलेली देवगिरीची अंधारी आठव. खंदकावरून एकच अरुंद वाट, आणि पुढं कातळात कोरलेला काळोखा, वळणावळणाचा बोगदा. आत घुसणारा चुकावा, गोंधळावा, अशीच त्याची रचना. योशिओ साकामोतोच्या दिग्दर्शनाखाली झेबेस घडवणाऱ्यांनीही अंधारीच कोरली. पण येणाऱ्यानं डोळे उघडे ठेवले तर त्याला वाट सापडावी, ही काळजी घेऊन. तेही २४ मेगाबिटच्या, म्हणजे ३ एमबीच्या कॅसेटमध्ये. तुझ्या फोनमधला एखादा फोटोही एवढी जागा खातो. त्यातच केन्जी यामामोतो आणि मिनाको हामानो यांचं संगीतही बसवलं. नॉरफेअर नावाच्या भागाच्या तळाला पोचलास की ते जड ठोके ऐक; छातीवर दडपण येतं.

शेवटाला ग्रह फुटायला ३ मिनिटं उरतात आणि पळत सुटायचं असतं. त्या धावपळीत वाटेत एका बाजूच्या खोलीत ते खड्ड्यातले तीन प्राणी अडकलेले असतात, आणि वेगानं धावून वर झेपावायला शिकवणारा एक शहामृगासारखा पक्षीही. त्यांना सोडवा, असं कुणी सांगत नाही. सोडवलं नाही तरी गेम संपतोच. कमीत कमी वेळात गेम संपवणारे खेळाडू थांबत नाहीत, कारण सेकंद जातात. असे खेळाडू सलग गेम खेळून देणग्या गोळा करतात, ती गेम्स डन क्विक नावाची मॅरेथॉन अमेरिकेत होते. तिथं प्राणी वाचवायचे की मरू द्यायचे, यावर लोक देणगी देऊन मत देतात आणि दोन्ही बाजूंनी देणग्यांचा पाऊस पडतो. मी दर वेळी वळतो. ज्यांनी शिकवलं त्यांना मागं टाकून जायला मन होत नाही.

दिवाळीला येशील तेव्हा दोन दिवस जास्तीचे काढ. कंट्रोलर दुरुस्त करून ठेवलाय. येण्याआधी नेटवर नकाशा मात्र बघू नकोस, आणि त्या खड्ड्यात पडलास की माझ्याकडं बघू नकोस, मी काही सांगणार नाही.

काकूंना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना दोस्त