दिवाणातली लोकर

पुणे,
२० जानेवारी

प्रिय विजू,

तुझा तिळगूळ काल पोचला. वड्या ज्या रुमालात बांधल्या होत्यास तो मी लगेच ओळखला. तुझ्या रुखवतात मांडायला आपण दोघींनी क्रोशाने विणलेल्या सहा रुमालांपैकी एक. कडेच्या कमळातल्या एका पाकळीला दोन खांब, म्हणजे दोन टाके, कमी पडलेत, ती पाकळी माझी. इतकी वर्षं तू तो जपलास. मी हातात धरून ओट्यापाशी कितीतरी वेळ उभी होते.

मी गेले दोन आठवडे लोकरीतच आहे. घराला रंग काढलाय. दिवाण भिंतीपासून सरकेना, म्हणून रिकामा करायला घेतला, तर गाद्या-चादरींच्या खाली नुसती लोकर. उशीच्या अभ्र्यांत भरलेली, सुतळीने बांधलेली, बिस्किटांच्या डब्यांत दाबलेली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर थोडी थोडी करून तोलली, ६ किलो ४०० ग्रॅम भरली. त्यात एकही गुंडा असा नाही की जो मी उगाच घेतला. प्रत्येक वेळी कुणाचा तरी स्वेटर डोळ्यांपुढे होता. म्हणून ठरवलं, दिवाळीपर्यंत तुळशीबागेत लोकरीच्या दुकानाची पायरी चढायची नाही. आहे त्यातूनच विणायचं.

पण आहे काय, तेच कळेना. कागदी पट्ट्या केव्हाच गळून गेलेल्या. मग बेसिनपाशी निरांजन लावलं आणि चिमट्यात एकेक धागा धरून जाळून पाहिला. खरी लोकर पटकन पेटत नाही, ज्योतीबाहेर काढली की विझते, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरली जाते. ॲक्रिलिक वितळतं, थंड झालं की कडक मणी उरतो. सूत कागदासारखं जळतं. असे तीन ढीग झाले, त्यांतला ॲक्रिलिकचा डोंगर. तो वितळताना एकदा बघितल्यावर मी ॲक्रिलिकची भांडी धरायची फडकी कुणाला देणार नाही. तुला पूर्वी दिलेली दोन आहेत ना, निळी-पांढरी, ती आजच बाजूला काढ. सुताची नवी करून पाठवते.

खऱ्या लोकरीला कसर लागली होती. मनालीच्या सहलीत घेतलेला तो जांभळा गुंडा आठवतो? वरून धड दिसत होता. टोक ओढलं तर वीतभर धागा हातात आला, पुन्हा ओढलं तर पुन्हा वीतभर. आतपर्यंत खाल्लेला. अळी प्राण्याच्या केसावर जगते, त्यामुळे शेजारच्या ॲक्रिलिकला तिने तोंडही लावलेलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, विजू. त्या लोकरीची ह्यांना बंडी करायची राहून गेली. उरलेली लोकर झटकून, कडक उन्हात घालून, प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवली. आता ती झाकणाच्या डब्यात राहील आणि दर पावसाळ्यानंतर उघडून बघितली जाईल.

कसर लागली नाही ती एका काळ्या लडीला. जेजुरीहून येताना एका धनगर आजींकडून घेतली होती, दख्खनी मेंढीची, हाताने कातलेली. अंगाला टोचते, म्हणून कधी विणली नव्हती. सणगर लोक हीच लोकर मागावर विणतात आणि चिंचोक्यांची खळ लावतात, म्हणून नवी घोंगडी तशी ताठ असते. मी जाड सुई घेऊन तिचं क्रोशाचं गोल आसन केलं. देवापुढे घातलंय. बसलं की खालची फरशी गार लागत नाही. या सगळ्या उद्योगातलं ते मला सगळ्यात आवडलेलं काम.

ॲक्रिलिकची चौकोनांची चादर चालू आहे. मधे चार साखळ्यांचा गोल, त्यात तीन-तीन खांबांचे चार झुपके, कोपऱ्यात दोन साखळ्या, मग पुढची फेरी. हे तू झोपेतही विणशील. अडचण रंगांची होती. गुलाबी शेजारी गुलाबी येऊ नये म्हणून मांडत बसले की संध्याकाळ जायची आणि चौकोन एकच व्हायचा. शेवटी सगळे छोटे गुंडे पिशवीत टाकले, न बघता हात घालायचा आणि येईल तो रंग लावायचा. शेवटची फेरी मात्र सगळ्या चौकोनांना एकाच रंगाची. पांढरी लावून पाहिली तर बाथरूमच्या टाइल्स बसवल्यासारखं दिसलं, उसवली. मेंदी हिरवी लावली आणि सगळे रंग एका घरचे वाटायला लागले. ज्या रंगाची लोकर सगळ्यात जास्त आहे तोच जोडणीला ठेवायचा, कारण निम्मी लोकर तिथेच जाते. आतापर्यंत ५८ चौकोन झालेत. चेन्नईत २०१६ साली ठिकठिकाणच्या बायकांनी पाठवलेले क्रोशाचे तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरची चादर अंथरली होती, जागतिक विक्रम झाला तेव्हा. माझे ५८ चौकोन जोडताना माझी बोटं दुखतात, त्या जोडणाऱ्यांचं काय झालं असेल!

शेजारच्या सूनबाईंना मार्चमध्ये बाळ होणार आहे. बाळंतविड्याला पिवळी तीन पदरी लोकर निघाली, पण जेमतेम १३० ग्रॅम, आणि तोच पिवळा आता कुठून मिळणार? पुन्हा रंगवलेल्या लोकरीची छटा थोडी तरी बदलतेच. म्हणून स्वेटर गळ्यापासून खाली विणला. आधी बाह्या पुऱ्या केल्या, मग अंग जितकं झालं तितकं. लोकर संपत आली की थांबता येतं, आणि बाळाचा स्वेटर दोन बोटं आखूड झाला तरी चालतो. टाके बंद करायला मात्र रुंदीच्या चौपट धागा आधीच बाजूला मोजून ठेवायचा. मी एकदा तो ठेवला नव्हता आणि अख्खी बॉर्डर उसवावी लागली होती. टोपरं आणि पायमोजेही त्यातच झाले. हातमोज्यांना जाळीची वीण घातली नाही, बाळाची बोटं अडकतात. उरली एक लिंबाएवढी गुंडी.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. फोनवर मला बोलता आलं नाही.

सुताच्या ढिगात आपल्या रुखवताचं सूत निघालं. तेच मोतिया रंगाचं, लक्ष्मी रोडवर दोघींनी पैसे जमवून घेतलेलं. दीड रीळ अजून शिल्लक आहे. ते हातात आलं आणि तू दिवाळीत म्हणालीस ते आठवलं. स्तन काढण्याच्या ऑपरेशननंतर दुकानातून आणलेला सिलिकॉनचा आकार जड होतो, घामाने चिकटतो, म्हणून तो कपाटात ठेवलास आणि पदर पुढे ओढून वावरतेस. मला तेव्हा काय बोलावं सुचलं नव्हतं.

विजू, हे विणता येतं. अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट नावाच्या बाई आहेत, त्यांचंही हेच ऑपरेशन झालं होतं. जखमेवर जड काही नको म्हणून डॉक्टरांनी त्यांना विणलेल्या आकाराबद्दल सांगितलं, आणि त्यांच्या मैत्रिणीने तो विणून दिला. २०११ पासून त्या इतरांसाठी असे आकार करवून घेतात, फुकट देतात. आता जगभर बायका विणतात, आपल्याकडेही. नमुना अवघड नाही. धाग्याच्या फासात सहा मुके खांब, म्हणजे आखूड टाके, दर फेरीला सहा वाढवत जायचं, मग न वाढवता थोडं खोल जायचं, की वाटीसारखा आकार येतो. पाठीमागे सपाट चकती, मधे नाडी ओवलेलं बारीक तोंड. त्यातून पॉलिएस्टरचा कापूस कमी-जास्त करता येतो, धुवायचं तेव्हा काढता येतो. साधा कापूस भिजला की गोळा होतो, म्हणून तो नाही.

आपलं रुखवताचं सूत वापरायचं अशी माझी फार इच्छा होती. एक विणलाही. रात्री झोपताना तो गळ्याशी, ब्लाऊजच्या आत ठेवून पाहिला. सकाळी तिथे लाल वळ उठलेले. ते सूत पिळाचं, चकाकीचं, रुमालाला छान आणि कातडीला कडक. तुझ्या टाक्यांवर मी ते ठेवू देणार नाही.

म्हणून परवा तुळशीबागेत गेले. दिवाणात सहा किलो असताना, ठरवलेलं मोडून. बाळांच्या कपड्यांचं मऊ सूत मागितलं आणि दुकानात उभ्याउभ्या प्रत्येक गुंडा गालाला लावून पाहिला. एक फिकट बदामी मिळाला, शंभर टक्के सूत, पाण्यात घातला तर रंग सुटत नाही. पहिला आकार विणून तयार आहे, पण तो माझ्या अंदाजाचा. मला तुझं माप हवंय. ब्रेसियरचा नंबर कळव, ब्लाऊजचा गळा किती खोल घालतेस तेही. हलका असल्याने तो वर सरकू शकतो, तर ब्रेसियरला आतून कप्पा शिवावा लागेल. जुन्या दोन पाठवून दे, मी शिवते. आणि टाके पूर्ण भरलेत, अंगाला लागून काही ठेवायला हरकत नाही, एवढं डॉक्टरांना विचारून घे.

दोन करते, एक धुतला की दुसरा. निफाडच्या बाजूला पारा फार उतरलाय असं पेपरात वाचलं, नाशिकलाही गारठा असेलच. पार्सलमध्ये कानटोपीही घालते. आपल्या दीड रिळाचं काय करायचं ते तू सांग. त्या रुमालातली माझी पाकळी मला दुरुस्त करायची आहे, त्याला वीतभर पुरेल. रुमाल मी ठेवून घेतलाय, फेब्रुवारीत येईन तेव्हा घेऊन येते.

मापं शनिवारच्या आत कळव.

तुझी,
नलू